रानमोडी: नावाचा घोळ आणि झाडाचा प्रवास

रानमोडी म्हणजे बाहेरून येऊन रानात माजलेलं झुडपी तण. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्याला ती कशी दिसते ते सांगायला नको, पण नावाचा घोळ आधी सोडवायला लागेल, कारण तिच्याबद्दलचे निम्मे वाद त्यातच अडकतात. कुणी घाणेरीलाच रानमोडी म्हणतं, कुणाला ते काँग्रेस गवत वाटतं. घाणेरीचं कूळच वेगळं. काँग्रेस गवत मात्र खरंच हिच्या नात्यातलं, दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली, फक्त ते काही महिन्यांत वाळून जातं आणि ही झुडूप होऊन वर्षानुवर्षं ठाण मांडते. शंका असेल तर एक पान तोडून उजेडाकडे धरा, बुडातूनच तीन शिरा त्रिशूळासारख्या फुटलेल्या दिसतात, आणि पान चुरगळलं की बोटांना असा उग्र वास लागतो की हात दोनदा धुवावे लागतात.

शास्त्रीय नावाचंही तेच. १७५९ मध्ये युपॅटोरियम ओडोरॅटम नाव पडलं, १९७० मध्ये बदलून क्रोमोलिना ओडोराटा झालं, पण अजून कितीतरी जण युपॅटोरियमच म्हणतात. त्यात निलगिरी आणि हिमालयात थंड उतारांवर माजलेलं दुसरं एक झुडूपही पूर्वी युपॅटोरियमच होतं. नेपाळात तर दोघांना बनमारा म्हणतात, ते दुसरं झुडूप काळं आणि रानमोडी पांढरी. त्यामुळे जुना रिपोर्ट वाचताना हे नक्की कुठलं युपॅटोरियम ते आधी बघायला लागतं, नाहीतर एकाचा उपाय दुसऱ्यावर करून बसाल.

आणि रानमोडी जिथं गेली तिथं लोकांनी तिच्यावर दुसऱ्या कुणाचं तरी नाव चिकटवलंय. इंग्रजीत सयामचं, म्हणजे थायलंडचं, तण, व्हिएतनाममध्ये लाओसचं गवत, केरळात कम्युनिस्ट पच्चा, घानामध्ये थेट एका लष्करी शासकाचं नाव, अचीमपाँग. मूळ मात्र अमेरिकेतलं, फ्लोरिडापासून खाली उत्तर अर्जेंटिनापर्यंत आणि वेस्ट इंडीजची बेटं. तिथं हिला खाणारे किडे आहेत म्हणून ती आवाक्यात राहते.

भारतात कशी आली यावर दोन मतं आहेत. एक म्हणजे १८४० च्या दशकात कोलकात्याच्या बागेत शोभेचं झाड म्हणून लावलं आणि तिथून सुटलं. दुसरं, वेस्ट इंडीजकडून आलेल्या जहाजांच्या तळाला वजनासाठी भरलेल्या मातीतून बी सिंगापूरला उतरलं आणि ब्रह्मदेशमार्गे आसामात आलं. मला दोन्ही एकदम खरं असायला काही अडचण दिसत नाही. आशियातली आणि पश्चिम आफ्रिकेतली झाडं जनुकीयदृष्ट्या जवळजवळ सारखीच निघाली, म्हणजे सुरुवात फार थोड्या बियांपासून झालेली असणार.

तिला खाणारे तिथले किडे भारतात आणायचे प्रयत्नही झालेत. त्रिनिदादचा एक पतंग १९७० च्या दशकात दक्षिण भारतात सोडला, तो टिकला नाही. मग इंडोनेशियामार्गे एक गाठमाशी आणली, ती २००५ मध्ये बंगळुरूकडे सोडली. तिची अळी खोडात शिरते आणि तिथं बोराएवढी गाठ येते, झाडाची ताकद त्या गाठीत जाते. माशीने झाड मरत नाही पण फुलं कमी येतात, आणि मला तेही पुष्कळ वाटतं.

पण "रान मोडणारी" हे नाव मला कायम खटकतं. गर्द सावलीत ही जगतच नाही. आमच्या मागच्या डोंगरावर काजूसाठी झाडोरा साफ केला, रस्त्यासाठी दरड कापली, तिथंच पहिली आली, आणि दगडी गडग्यापलीकडच्या देवराईत अजून नाही. रान आपण मोडलं, ही नंतर येऊन बसली आणि मग मात्र परत रान उभं राहू देत नाही, हा तिचा खरा दोष. उन्हाळ्यात वाळून वणव्याला सरपण होते, तिच्या पानात तेल असतं म्हणून ओली सुद्धा पेटते, बाकीची रोपटी जळतात आणि हिच्या बुडख्याला पहिल्या पावसात परत धुमारे. तरी दरवर्षी काडी लावणारे आहेतच, आणि त्याचा मला खूप राग येतो.

काढायची तर पावसात माती मऊ असताना मुळासकट उपटायची, म्हणजे दिवाळीनंतर ती फुलते त्याच्या आत, आणि त्या जागी लगेच सावली धरणारं काहीतरी लावायचं, नाहीतर पुढच्या पावसात ती जागा परत तिचीच.