रिपोर्टमध्ये ‘प्लासेंटा अँटिरिअर’ लिहिलंय? जाण्याआधी हे वाचा

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली, रिपोर्ट हातात पडला, की बरेच जण दारातून परत काउंटरवर येतात. बाळाची वाढ ठीक, पाणी ठीक, ठोके ठीक. आणि मधेच एक ओळ असते: ‘प्लासेंटा अँटिरिअर, ग्रेड वन, अवे फ्रॉम ओएस’. “हे काय निघालं?” असं विचारतात. निघालेलं काहीच नाही. पण काउंटरवर उभ्या उभ्या, मागे रांग असताना हे नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

प्लासेंटा म्हणजे वार. बाळाला आईच्या रक्तातून अन्न आणि ऑक्सिजन पोचवते ती हीच. गर्भ पिशवीत ज्या जागी रुजतो, तिथेच वार तयार होते: कुणाची मागच्या भिंतीला, कुणाची वरच्या बाजूला, कुणाची कडेला, कुणाची पुढच्या म्हणजे पोटाकडच्या भिंतीला. पुढे असली की आम्ही ‘अँटिरिअर’ लिहितो. ही जागेची नोंद आहे, आजाराचं नाव नाही. पुढची वार इतकी नेहमीची आहे, की दिवसभरात अशा कितीतरी रिपोर्टांवर हाच शब्द पडतो. ‘ग्रेड वन’ हा वार किती जुनी होत चालली याचा अंदाज. महिने भरत येतील तसा तो आकडा वाढतो, त्याचं टेन्शन घेऊ नका.

तपासणीच्या वेळी पडदा तुमच्याकडे वळवला असेल तर आठवून बघा. सगळ्यात वर पोटाची कातडी आणि स्नायू, खाली पिशवीची भिंत, भिंतीला लागून राखाडी रंगाचा जाड पट्टा, आणि त्याच्या पलीकडे काळ्या पाण्यात बाळ. तो राखाडी पट्टा म्हणजे तुमची वार. प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं यंत्र, टेकला की बाळाच्या आधी तीच दिसते. म्हणून कधी कधी बाळाचा चेहरा किंवा हात नीट दिसायला वेळ लागतो. आम्ही कूस बदलायला सांगतो किंवा थोडं फिरून या म्हणतो, ते यासाठी.

बाळाची हालचाल

वार पुढे असण्याचा खरा फरक पडतो तो इथे. बाळ लाथ मारतं ती आधी वारेवर बसते, आणि गादीवर मारलेल्या बुक्कीसारखी ती तुमच्यापर्यंत मऊ होऊन पोचते. पहिलटकरणीला एरवी 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास फडफड जाणवू लागते; वार पुढे असेल तर आणखी दोन-तीन आठवडे उशीर होऊ शकतो. जाणवते तीही बेंबीजवळ नाही, तर खाली ओटीपोटात किंवा दोन्ही कुशींना. नवऱ्याने पोटावर हात ठेवला आणि त्याला काहीच कळलं नाही, तर बाळ सुस्त आहे असं नाही. आणि घरात “हिचं अजून फिरत कसं नाही?” असं कुणी दर दोन दिवसांनी विचारत असेल, तर त्यांनाही हे पत्रक वाचायला द्या. मात्र 24 आठवडे पूर्ण झाले आणि तरीही काहीच जाणवलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

आता या पत्रकातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. उशिरा जाणवणं वेगळं आणि जाणवायला लागल्यावर कमी होणं वेगळं. साधारण 28 आठवड्यांपर्यंत तुमच्या बाळाची रोजची चाल तुम्हाला कळलेली असते. जेवल्यावर फिरतं, रात्री आडवं झाल्यावर फिरतं. त्यात एखाद्या दिवशी घट वाटली, तर ‘माझी वार पुढे आहे, म्हणून असेल’ असं स्वतःला समजावू नका. वार कालही पुढेच होती, आणि काल हालचाल कळत होती. गोड खा, गार पाणी पी, सकाळपर्यंत वाट बघ, हे सगळे सल्ले प्रेमाचे असतात, पण त्यात वेळ जातो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, जिथे नाव घातलंय त्या हॉस्पिटलला फोन करा आणि जा. तपासून सगळं ठीक निघालं तर कुणी रागावत नाही.

ऑनलाइन मिळणारी ठोके ऐकायची छोटी यंत्रं घेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. वार पुढे असली की त्या यंत्रातून बहुतेकदा वारेतल्या रक्ताचा सूंऽसूं आवाज येतो किंवा आईचेच ठोके ऐकू येतात, आणि ते बाळाचे समजून खोटा धीर मिळतो.

वार पुढे आहे की खाली?

रिपोर्टमध्ये ‘अँटिरिअर’पेक्षा त्याच्या पुढचे शब्द वाचा. ‘अप्पर सेगमेंट’ किंवा ‘अवे फ्रॉम ओएस’ म्हणजे वार पिशवीच्या तोंडापासून लांब आहे. मग बेडरेस्ट नको, जिना चढायची भीती नको, आणि नॉर्मल डिलिव्हरीला वारेची आडकाठी नाही. वार पुढे असली की कळा पाठीतच येतात, बाळ उलट्या तोंडानेच येतं, असं कुणी सांगेल. नॉर्मल की सिझर हे त्यावर ठरत नाही.

‘लो लाइंग’ लिहिलं असेल तर वारेची कड पिशवीच्या तोंडापासून 2 सेंमीच्या आत आहे. तरीही 20 आठवड्यांना हे दिसलं म्हणून घाबरून जाऊ नका. शेवटच्या तीन महिन्यांत पिशवीचा खालचा भाग ताणून वाढतो आणि वार तोंडापासून लांब जाते. दहापैकी नऊ जणींची अशी वर सरकते. म्हणून 32 आठवड्यांच्या सुमारास परत बघतात. लघवीची पिशवी (मूत्राशय) तट्ट भरलेली असली की नुसत्या दाबाने वार खाली आल्यासारखी दिसते, म्हणून आम्ही लघवी करून यायला सांगतो आणि पुन्हा मोजतो. अंतर अगदी नेमकं हवं असेल तर आतून, म्हणजे योनीमार्गातून, सोनोग्राफी करतात. ती सुरक्षित आहे.

वार खाली असताना अंगावरून लाल गेलं, दुखत नसलं तरीही, लगेच हॉस्पिटल गाठा. गाडी नसेल तर 108.

आधीचं सिझर असेल तर

इथे आम्हाला तुमच्याकडून माहिती हवी असते. आधीचं सिझर झालेलं असेल आणि वार पुढे *आणि* खाली असेल, तर ती जुन्या टाक्यांच्या जागीच रुजलेली असू शकते. तिथे ती कधी कधी भिंतीत घट्ट शिरते आणि डिलिव्हरीनंतर सुटत नाही, खूप रक्त जातं. वार पिशवीच्या तोंडावर असेल, तर एका सिझरनंतर शंभरात साधारण 11 जणींना आणि दोन सिझरनंतर 40 जणींना हे होतं. वेळेत कळलं तर ब्लड बँक असलेल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये, तारखेच्या काही आठवडे आधी सिझर ठरवता येतं. न कळता डिलिव्हरी टेबलावर कळलं, तर धावपळ होते. पुढची वार वर असेल तर हा विषयच नाही.

एक प्रश्न विचारू नका

वार पुढे म्हणजे मुलगी, मागे म्हणजे मुलगा. डावीकडे अमुक, उजवीकडे तमुक. मोबाइलवर असे व्हिडिओ ढिगाने आहेत. त्यात तथ्य नाही. मुलगा-मुलीवरून वारेची जागा ठरत नाही. लिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्राने केला, 1994 मध्ये तो देशभरासाठी आला. विचारणा करणाऱ्या नातेवाइकालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रिपोर्टमधल्या शब्दांत लपवलेली कसलीही खूण नसते.

पुढच्या तपासणीला येताना डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्र आणि आधीचे सगळे सोनोग्राफी रिपोर्ट आणा. ‘एफ’ फॉर्म, म्हणजे सोनोग्राफीच्या नोंदीचा कायद्याने ठरलेला फॉर्म, दर वेळी नव्याने भरावा लागतो. आधीचं सिझर असेल तर त्याचं डिस्चार्ज कार्डही. ते माहेरी राहिलं असेल तर फोटो मागवून घ्या, तोही चालतो.