शून्य व्होल्ट म्हणजे शून्य नव्हे : अवजड यंत्रांतील पोझिशन सेन्सर आणि फॉल्ट कोड यांची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात ज्याला सरसकट 'जेसीबी' म्हटले जाते, त्या बॅकहो लोडरच्या डॅशबोर्डवर फॉल्ट कोड (बिघाड सांगणारे सांकेतिक आकडे) झळकू लागणे ही तशी अलीकडची गोष्ट आहे. चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून भारत स्टेज ४ चे उत्सर्जन नियम लागू झाले आणि ते पाळण्यासाठी अनेक इंजिनांवरचा यांत्रिक डिझेल पंप जाऊन इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. पूर्वी ॲक्सिलरेटरची केबल तुटली की ऑपरेटरला पायालाच कळे. आता पेडल किती दाबले हे सेन्सर सांगतो आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ईसीयू, म्हणजे यंत्रावरचा नियंत्रक संगणक, ठरवतो. हा अविश्वास यंत्रात कसा आला, याचा इतिहास इलेक्ट्रॉनिक्सच्याही आधी सुरू होतो.

तेल शुद्धीकरण कारखान्यांसारख्या ठिकाणी मोजमापाचा संदेश हवेच्या दाबाने नळीतून पाठवला जात असे आणि त्यासाठी ३ ते १५ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) हा पल्ला रूढ झाला होता. सर्वात कमी मोजमापालाही ३ पीएसआय दाब ठेवण्यामागचा एक मोठा फायदा असा की, नळी फुटली तर दाब ३ च्या खाली जाई आणि 'टाकी रिकामी आहे' व 'नळी फुटली आहे' या दोन गोष्टींत गल्लत होत नसे. पुढे विजेचे संदेश आले तेव्हा हीच युक्ती ४ ते २० मिलिअँपिअर या रूपात टिकली. आजच्या ५ व्होल्टवर चालणाऱ्या बहुतेक पोझिशन सेन्सरांचा संदेश साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टच्या दरम्यान राहतो, तोही याच कारणाने. दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा व्होल्ट मोकळा सोडलेला असतो, कारण तिथे फक्त बिघाडच पोहोचू शकतो. माझ्या मते फॉल्ट डायग्नोस्टिक्सची खरी सुरुवात या मोकळ्या जागेतच आहे. संगणक नंतर आला.

सेन्सरची घडणही बदलत गेली. सुरुवातीचा सोपा मार्ग पोटेन्शिओमीटरचा होता : रोधक पट्टीवर घासत फिरणारा एक स्पर्शक आणि त्याच्या जागेप्रमाणे बदलणारे व्होल्टेज. अडचण घासण्याचीच होती. यंत्र ज्या स्थितीत सर्वाधिक वेळ असते, म्हणजे पेडलच्या बाबतीत आयडलपाशी (पेडल न दाबता इंजिन मंद चालू असताना), तिथेच पट्टी झिजते. धूळ आणि सततची थरथर त्यात भर घालतात. उत्तर हवे होते ते न घासता मोजण्याचे, आणि त्याचा पाया फार आधी घातला गेला होता. १८७९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल या विद्यार्थ्याने सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडून तो चुंबकीय क्षेत्रात धरला, तेव्हा प्रवाहाच्या आडव्या दिशेने किंचित व्होल्टेज निर्माण झालेले त्याला दिसले. इलेक्ट्रॉनचा शोध त्यानंतर १८ वर्षांनी लागला. धातूंमध्ये हा परिणाम इतका क्षीण होता की तो अनेक दशके प्रयोगशाळेतच राहिला; १९५० च्या दशकात इंडियम अँटिमोनाइडसारखे अर्धवाहक हाती आल्यावर मात्र तो कामाचा झाला. आज पेडलमध्ये किंवा बूमच्या (यंत्राच्या लांब हाताच्या) सांध्यात चुंबक फिरतो आणि हॉल सेन्सर त्याला स्पर्श न करता कोन सांगतो.

बिघाड ओळखता आला तरी तो कळवण्याची भाषा हवी होती. सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांत डॅशबोर्डवरच्या दिव्याची उघडझाप मोजून कोड वाचावा लागे आणि कोडांचे अर्थ प्रत्येक कंपनीचे वेगळे असत. बॉश कंपनीने १९८६ मध्ये डेट्रॉईट येथे जाहीर केलेल्या कॅन बस या सामाईक संदेशवाहिनीमुळे दोन तारांवर सर्व ईसीयू एकमेकांशी बोलू लागले. त्यावर आधारलेल्या एसएई (वाहन अभियंत्यांची संस्था) च्या जे१९३९ या मानकाने १९९० च्या दशकात अवजड वाहनांना आणि यंत्रांना समान भाषा दिली. तिच्यात बिघाडाचे दोन भाग असतात : एसपीएन, म्हणजे कोणते मोजमाप, आणि एफएमआय, म्हणजे ते कशा प्रकारे बिघडले. एसपीएन ९१ म्हणजे ॲक्सिलरेटर पेडलची स्थिती. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज प्रमाणापेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी. चालू असलेले बिघाड ईसीयू दर सेकंदाला बसवर जाहीर करतो.

इथेच एक गैरसमज रुजला आहे. '९१-४' वाचून थेट पेडल बदलले जाते. पण कोड सर्किटची तक्रार सांगतो, सुट्या भागाचे नाव घेत नाही. जाणकार मेकॅनिक आधी सेन्सरचा कनेक्टर काढतो. त्यासरशी कोड बदलला तर ईसीयूला तारेवरचा बदल दिसतो आहे, म्हणजे वायरिंग बहुधा शाबूत आहे आणि संशय सेन्सरवर जातो. तोच कोड कायम राहिला तर हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, तपासावा लागतो. एकाच वेळी तीन-चार सेन्सरांचे कोड आले, तर त्यांना मिळणारा सामाईक ५ व्होल्टचा पुरवठा आधी मोजावा.

मोकळ्या सोडलेल्या अर्ध्या व्होल्टला एक बिघाड मात्र पकडता येत नाही : २ व्होल्टच्या जागी ३ सांगणारा सेन्सर, जो पल्ल्याच्या आत राहूनच खोटे बोलतो. म्हणून पेडलमध्ये आता दोन स्वतंत्र सेन्सर बसवतात आणि अनेक रचनांत दुसऱ्याचे व्होल्टेज मुद्दाम पहिल्याच्या निम्मे ठेवतात, जेणेकरून दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या तरी ते गुणोत्तर मोडते. हिशेब जुळेनासा झाला की ईसीयू पेडलचे ऐकणे थांबवतो आणि इंजिन आयडलवर किंवा ठरवून दिलेल्या कमी वेगावर आणतो.