थंडीत पाणी दिलं की झाड गारठते?

"थंडीत रोपांना पाणी देऊ नका, मुळं गारठून झाड मरते" हा फॉरवर्ड दर हिवाळ्यात फिरतो. आपण ओल्या अंगाने थंडीत कुडकुडतो, म्हणून पटतोही.

पण मातीचं उलटं असते. कोरड्या मातीत कणांच्या मधे हवा भरलेली, ती ऊन फारसं साठवत नाही आणि रात्री पटकन थंड पडते. ओली माती दिवसा जास्त उष्णता धरते, रात्रभर हळूहळू सोडते, म्हणूनच तर थंडीची लाट आली की शेतकरी हलकं ओलीत करतात. आपल्या नागपुरात डिसेंबर-जानेवारीत पारा कधी 10 च्या खाली जातो, तेव्हा ऑक्टोबर हीट ओसरल्यावर पेरलेल्या सांभार (कोथिंबीर)-पालकाचं ठीक चालते, वांगी-टमाटरच्या कोवळ्या रोपांना मात्र जपावं लागते.

घरीच बघा नं. शेजारशेजारचे दोन वाफे, एकाला सकाळी पाणी, दुसरा कोरडा, दोन्हींवर ऊन सारखं, अन् दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी एक बोट खोल थर्मामीटर खुपसा.

फॉरवर्डमधे थोडं खरंही आहे, हिवाळ्यात माती लवकर वाळत नाही, रोज चिखल केला तर मुळं सडतात, पण ते गारठ्याने नाही. बोट घालून कोरडं लागलं तरच पाणी द्या, सकाळी, पानं वाचवून.