बर्फाच्या डोंगरावर उष्णतेची भीती

कुंभार्ली किंवा आंबा घाट चढताना समोरच्या कड्यांवर एकावर एक आडवे पट्टे दिसतात. त्यातला प्रत्येक पट्टा म्हणजे लाव्हारसाचा एकेक लोट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहत आलेला आणि जागच्या जागी थिजलेला. एवढा प्रचंड उद्रेक होऊनही शंकूसारखं ज्वालामुखीचं शिखर मात्र सह्याद्रीत कुठे सापडत नाही. आपला लाव्हारस बसाल्टचा (काळ्या कातळाचा), म्हणून पातळ होता. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तो वर आला आणि पसरत गेला. इक्वेडोरमधला कोतोपाक्सी किंवा अमेरिकेतला रेनियर यांचा लाव्हारस वेगळा. त्यात सिलिका (वाळूतला मुख्य घटक) जास्त, म्हणून तो घट्ट. तो फार दूर वाहत नाही, त्यातला वायू सहजी सुटत नाही, मग स्फोट होतात आणि राख, दगड, लाव्हा हे सगळं तोंडाभोवतीच साचत जातं. असा वाढलेला शंकू इतका उंच होतो की विषुववृत्ताला लागून असलेल्या कोतोपाक्सीवरही (५,८९७ मीटर) बारा महिने बर्फ असतो.

खाली आग, वर हिमनदी. अशा डोंगरांवर आता महाराष्ट्रातले गिर्यारोहक मोठ्या हौसेने जातात. सात खंडांतल्या सर्वोच्च शिखरांच्या यादीत आफ्रिकेचं किलिमांजारो (५,८९५ मीटर) आणि युरोपचं एल्ब्रुस (५,६४२ मीटर) ही दोन्ही ज्वालामुखी आहेत. सात खंडांतल्या सर्वोच्च ज्वालामुखींची यादी तर वेगळीच आहे. भारताच्या सत्यरूप सिद्धांत यांनी जानेवारी २०१९ पर्यंत या दोन्ही याद्या पूर्ण केल्या. रसाळगड, सुमारगड, महिपतगड पायाखाली घातलेला खेडचा एखादा तरुण अशा मोहिमेची तयारी करू लागला की सगळ्यांत आधी थंडीचा विचार करतो. जॅकेट कुठलं, हातमोजे किती, मोजे लोकरीचे की आणखी कसले.

थंडी आहेच. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, वर वारा असतो तो निराळा. पण थंडीवर कपड्यांचा इलाज चालतो. हिमनदीवर अनुभवी गाइड सर्वांत जास्त धास्ती घेतो ती उष्णतेची. मोहिमेचं वेळापत्रक, दोरातलं अंतर, परत फिरायची वेळ, कुठे थांबायचं आणि कुठे अजिबात थांबायचं नाही, यातलं बरंचसं एकाच प्रश्नावरून ठरतं: बर्फ कुठे आणि कधी सैल होणार?

त्यासाठी हिमनदीची घडण समजून घ्यायला हवी. बर्फ दिसतो टणक, पण स्वतःच्या वजनाखाली तो फार सावकाश वाहत असतो. खोलवरचा बर्फ दाबामुळे लवतो, आकार बदलतो. वरचा तीस-चाळीस मीटरांचा थर मात्र ठिसूळ असतो. खालच्या जमिनीला उंचवटा आला किंवा उतार एकदम वाढला की हा वरचा थर ताणला जातो आणि तडकतो. त्या भेगेला गिर्यारोहक क्रेव्हास म्हणतात. ज्वालामुखीच्या शंकूचे उतार तीव्र, म्हणून भेगाही पुष्कळ. हिवाळ्यात त्यांच्या तोंडावर ताजं हिम साचून पूल तयार होतात आणि वरून सगळं सपाट, पांढरं दिसू लागतं. पावसाळ्यात सड्यावर (कातळाच्या पठारावर) कठडा नसलेली विहीर गवताने झाकली जाते, तसाच हा धोका: पाय पडेपर्यंत कळत नाही.

हा हिमाचा पूल किती भार पेलेल हे त्याच्या जाडीइतकंच तापमानावर अवलंबून असतं. रात्री त्यातलं पाणी गोठून कण एकमेकांना घट्ट धरून राहतात. ऊन आलं की तीच पकड सुटते. कड्यांवरचे सुटे दगडही रात्रभर बर्फाने चिकटवून ठेवलेले असतात. सूर्य त्यांच्यापर्यंत पोहोचला की ते निसटायला लागतात. म्हणून कोतोपाक्सीवर ४,८६४ मीटरवरच्या निवाऱ्यातून चढाई मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते, शिखर पहाटे किंवा सूर्योदयाला गाठायचं आणि ऊन चढायच्या आत हिमनदीवरून खाली उतरायचं. एल्ब्रुसवरही अंतिम चढाई रात्रीच निघते. काळोखात बॅटरीच्या उजेडात चालायला लावणं हा गाइडचा हट्ट नसतो. त्याला गोठलेला डोंगर हवा असतो, आणि तो रात्रीच मिळतो.

दोराचंही असंच शास्त्र आहे. तीन-चार जण एका दोरावर बांधलेले असतात, दोघांत साधारण दहा ते पंधरा मीटर अंतर. दोर फार ढिला ठेवायचा नाही. एक जण भेगेत गेला तर बाकीचे लगेच खाली पडून हातातली बर्फाची कुऱ्हाड म्हणजे आइस अ‍ॅक्स बर्फात रुतवतात, दोर ताणला जातो आणि पडणारा लोंबकळत राहतो. मग बर्फात दोर अडकवायला भक्कम आधार म्हणजे अँकर बसवायचा, कप्प्या लावायच्या आणि दोर इंग्रजी झेड अक्षरासारखा वळवून घ्यायचा. कागदावर या मांडणीने ओढायची ताकद तिप्पट होते, प्रत्यक्षात घर्षणामुळे कमी, तरी दोन-तीन माणसांना एकाला वर काढता येतं. सह्याद्रीतल्या ट्रेकरला इथे एक सवय मोडावी लागते. आपण मागच्याची वाट पाहतो, घोळक्याने थांबतो, पाणी पुढे-मागे करतो. हिमनदीवर दोघं जवळ आले की मधला दोर सैल पडतो, आणि दोघंही एकाच पुलावर उभे असण्याची शक्यता वाढते. आपली ही आपुलकीची सवय मोडायला वेळ लागतो, म्हणून मोहिमेच्या सुरुवातीला खालच्या सोप्या उतारावर घेतलेला सराव कुणी कंटाळून टाळू नये.

गाइड बरोबर असला म्हणजे डोंगर सुरक्षित झाला असंही नाही. २१ जून १९८१ रोजी रेनियरच्या इंग्रॅहॅम हिमनदीवर प्रचंड हिमखंड कोसळले आणि गाइडसोबत चढणाऱ्या एका गटातले ११ जण गाडले गेले. त्यांचे देह आजही त्या बर्फातच आहेत. लटकणाऱ्या हिमकड्याचा तुकडा नेमका कधी तुटेल हे सांगता येत नाही. गाइडच्या हातात एवढंच असतं की त्याखालची वाट शक्यतो टाळायची, आणि टाळता येत नसेल तर ती लवकरात लवकर ओलांडायची. सप्टेंबर २०२१ मध्ये एल्ब्रुसवर गाइडसोबत गेलेल्या १९ जणांच्या गटाला वादळाने गाठलं आणि ५ जण दगावले. एल्ब्रुसचा नेहमीचा मार्ग तांत्रिकदृष्ट्या सोपा आहे, रोपवे सुमारे ३,८५० मीटरपर्यंत नेऊन सोडतो. ही सोय मला धोक्याचीच वाटते. कारण उतार रुंद आणि एकसारखे आहेत, ढग उतरले की दिशा हरवते आणि मळलेली वाट सुटली की पुढे भेगांचा प्रदेश लागतो.

आता आतल्या उष्णतेकडे वळू. ती साध्या हिमशिखरांवर नसते. रेनियरच्या (४,३९२ मीटर) माथ्यावर दोन विवरं आहेत आणि त्यांच्या कडेने गरम वाफा सतत बाहेर पडतात. या वाफांनी विवरातल्या बर्फाखाली गुहांचं जाळं कोरलं आहे. १८७० मध्ये हॅझर्ड स्टीव्हन्स आणि फिलेमन व्हॅन ट्रम्प माथ्यावर पोहोचले तेव्हा अंधार पडत आला होता. ती रात्र त्यांनी अशाच वाफेच्या गुहेत काढली, म्हणून ते जगले. पण असा आसरा भरवशाचा नाही. वाफेबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइडही येतात. दोन्ही हवेपेक्षा जड, त्यामुळे खोलगट जागी साचून राहतात. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास सुरुवातीला लगेच येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची जाणीवच बधिर होते. वास थांबला म्हणजे धोका टळला असं मानणारा माणूस तिथेच फसतो. शिवाय वाफेने बर्फ आतून पोखरला जातो आणि वर पातळ कवच उरतं. ओरेगॉनमधल्या माउंट हूडच्या विवरात गाइड अशा जागांपासून लांबूनच वाट काढतात.

कोकणातल्या उन्हवरे, तुरळ, आरवली, राजापूर इथल्या उन्हाळ्यांबद्दल, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांबद्दल, अनेकांना वाटतं की खाली अजून ज्वालामुखी धुमसतोय. तसं नाही. पावसाचं पाणी खडकांतल्या खोल भेगांतून खाली जातं, पृथ्वीच्या पोटातल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. त्यासाठी जिवंत ज्वालामुखी लागत नाही.

जिवंत ज्वालामुखीवरचा सगळ्यांत मोठा धोका चढणाऱ्यांपेक्षा पायथ्याशी राहणाऱ्यांना असतो. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री कोलंबियातल्या नेवादो देल रुइझचा उद्रेक झाला. ज्वालामुखींच्या हिशेबात तो लहानच. पण तप्त राख-दगडांनी माथ्यावरचा थोडा बर्फ वितळवला, ते पाणी दऱ्यांतून चिखल, दगड, झाडं ओढत निघालं आणि सुमारे अडीच तासांत सत्तरहून जास्त किलोमीटरवरच्या आर्मेरो गावावर आदळलं. सुमारे २३,००० माणसं गेली. अशा चिखलाच्या लोंढ्याला लहार म्हणतात. धोक्याचा नकाशा त्याआधी महिनाभर तयार झाला होता, ही गोष्ट मला अजूनही स्वस्थ बसू देत नाही.

लहार यायला दर वेळी उद्रेकच लागतो असंही नाही. आम्लयुक्त गरम वाफा वर्षानुवर्षं खडकातून झिरपत राहिल्या की टणक खडकाची चिकणमाती होते. असा आतून कुजलेला उतार एके दिवशी आपल्याच वजनाने सुटतो. रेनियरवरून सुमारे ५०० वर्षांपूर्वी आलेल्या एका मोठ्या लोंढ्यामागे उद्रेकाचा पुरावा सापडत नाही. महाड तालुक्यात २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन आणि २२ जुलै २०२१ रोजी तळिये ज्यांनी पाहिलं, त्यांना भिजून सुटलेला डोंगर काय करतो हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे खडक कुजवणारं आणि शेवटी त्याला सोडवणारं पाणी पावसाचं, तिकडे आतल्या वाफेचं आणि वितळलेल्या बर्फाचं.

म्हणूनच अशा डोंगरावर जायची परवानगी भूकंपमापकांच्या नोंदी, वायूचं प्रमाण आणि उतारांची फुगवट यांवर अवलंबून असते. ऑगस्ट २०१५ मध्ये कोतोपाक्सी जागा झाला आणि चढाई दोन वर्षांहून अधिक काळ बंद राहिली. मेक्सिकोच्या पोपोकातेपेत्लची दारं १९९४ पासून गिर्यारोहकांना बंदच आहेत. पैसे भरले, सुट्टी काढली, विमानाने गेलो आणि डोंगर बंद निघाला, असं होऊ शकतं. तिथे घासाघीस करू नये.

किनाऱ्यावरून जाणाऱ्याला आणखी एक गोष्ट नीट कळायला हवी, ती म्हणजे हवा. ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच, पण दाब निम्मा म्हणून प्रत्येक श्वासात तो निम्माच येतो. शरीर आधी श्वास वाढवतं. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून रक्त अल्कधर्मी होतं आणि मूत्रपिंड काही दिवसांत ते दुरुस्त करतं. वर गेल्यावर लघवी वाढते ती बऱ्याच अंशी याचमुळे. तांबड्या पेशी पुरेशा वाढायला तर आठवडे लागतात. गड चढून कमावलेला दम या कामाला घाई करायला लावू शकत नाही. उलट धडधाकट माणूस वेगाने वर जातो आणि जास्त अडचणीत येतो. पुणेकर आणि रत्नागिरीकर या बाबतीत सारखेच: पुण्याच्या साडेपाचशे मीटरांनी काहीच फरक पडत नाही.

३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. दिवसा वर जाऊन यायला हरकत नाही, झोपायचं मात्र खाली. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही पहिली सूचना. बसल्या जागी धाप लागणं, खोकला, किंवा सरळ रेषेत चालता न येणं म्हणजे फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचायला लागल्याची खूण. त्यावर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं, रात्र असली तरी. आजारी माणसाला आपण आजारी आहोत हे नेहमी कळतंच असं नाही, म्हणून गाइड गप्पा मारत, चाल पाहत, जेवण कुणी टाकलं हे टिपत असतो.

कोकणातून जाणाऱ्यांनी आधी उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगच्या संस्थेत बेसिक कोर्स करावा, असं माझं ठाम मत आहे. क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे लोखंडी दाते) घालून चालणं आणि आइस अ‍ॅक्सने स्वतःला थांबवणं जांभ्याच्या सड्यावर शिकता येत नाही. आणि पैसे भरण्याआधी मोहीम नेणाऱ्यांना थेट विचारावं: एका गाइडमागे किती जण? इक्वेडोरच्या हिमनद्यांवर साधारणपणे दोन असतात. उंचीशी जुळवून घ्यायला किती दिवस ठेवलेत? एक जण आजारी पडला तर त्याला खाली कोण नेणार, आणि मग उरलेल्यांसोबत कोण राहणार? परत फिरायची वेळ किती वाजताची, आणि शिखर अर्ध्या तासावर दिसत असताना ती पाळली जाणार का?