अठरानंतर सही कुणाची? कायदेशीर पालकत्वाचा अर्ज, विशेष शिक्षकांसाठी

विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात मी सुरुवातीलाच एक प्रश्न टाकते. तुमच्या वर्गातली बौद्धिक अक्षमता असलेली मुलगी उद्या अठरा पूर्ण करते आहे. परवा तिच्या बँकखात्याच्या कागदावर तिच्या वतीने सही कुणाची चालेल? वर्गातून हमखास उत्तर येतं, "आईची." चुकतं ते इथेच. अठरा पूर्ण झाले की व्यक्ती सज्ञान होते आणि आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व संपतं, मग अक्षमता कितीही तीव्र असो. घरात सगळं तसंच चालू राहतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं ते बँकेत किंवा वडिलांच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी, म्हणजे आधीच घाई झालेली असताना.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्कही अठराव्या वर्षापर्यंतच आहे. शाळेचं दार बंद होण्याची आणि पालकत्व संपण्याची वेळ एकच. म्हणून मुलाला सतरावं लागलं की पालकसभेत हा विषय काढायचा, आणि काढायचा शिक्षकानेच. आईवडील आपणहून विचारतील याची वाट पाहू नका.

अठरानंतर मुलासाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) कायदा, १९९९ खाली होतो आणि तो चारच अक्षमतांसाठी आहे: स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. कर्णबधिर किंवा फक्त पायाने अधू असलेल्या मुलासाठी हा अर्ज नाही. तो मुलगा अठराचा झाला की स्वतःच्या सहीचा मालक. दुभाषा लागणं आणि पालक लागणं यात फरक आहे, आणि हे वर्गात मला दर वेळी सांगावं लागतं.

अर्ज आईवडील करू शकतात, शक्यतो दोघांनी मिळून. एकाचं निधन झालं असेल, घटस्फोट झाला असेल किंवा एकाने घर सोडलं असेल तर दुसऱ्याला एकट्याने करता येतो. आईवडील नसतील तर भावंडं, मग इतर नातेवाईक. राष्ट्रीय न्यास म्हणजे या कायद्याने स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था; तिच्याकडे नोंदणी झालेली संस्थाही अर्ज करू शकते. पालक म्हणून ज्याचं नाव सुचवायचं तो भारतीय नागरिक हवा, गुन्ह्यात शिक्षा झालेला किंवा दिवाळखोर नको, पोटापाण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेलाही नको. मुलीच्या बाबतीत नियम आणखी कडक आहे. एकट्या पुरुषाचा पालक म्हणून विचार होत नाही. काका पालक होणार असतील तर काकूही सोबत हवी, आणि मुख्य पालक तीच.

अर्जाचा नमुना म्हणजे फॉर्म ए. तो जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे जातो. न्यासाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइनही भरता येतो. समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. कायद्याने तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. म्हणून पुढची बैठक केव्हा ते आधी विचारून घ्या आणि फाइल त्याच्या आत पोचवा. नाहीतर एका झेरॉक्ससाठी तीन महिने जातात.

फाइलमध्ये साधारणपणे लागतात ते कागद असे: मुलाचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं राष्ट्रीय ओळखपत्र), वयाचा पुरावा (जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला), मूल आणि नियोजित पालक दोघांचं आधार आणि रहिवासाचा पुरावा, फोटो, नियोजित पालकाची लेखी संमती आणि आईवडिलांपैकी कुणी गेलं असल्यास मृत्यूचा दाखला. नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे का, ते आधी बघा. आधारवर एक आणि प्रमाणपत्रावर दुसरं असेल तर दुरुस्ती आधी, अर्ज नंतर.

आता खरा मुद्दा. समितीने दोन गोष्टी बघायच्या असं कायदा सांगतो. या व्यक्तीला पालकाची गरज आहे का? आणि असेल तर कशासाठी? अर्जात बहुतेक कुटुंबं 'सर्व बाबींसाठी' लिहून मोकळी होतात. मला ते पटत नाही. जो मुलगा रोज एसटीने कार्यशाळेत जातो, मजुरीचे पैसे मोजून घेतो, कोणता शर्ट हवा ते स्वतः सांगतो, त्याचा सगळा कारभार दुसऱ्याच्या हाती का द्यायचा? त्याला कदाचित जमिनीच्या आणि बँकेच्या व्यवहारापुरताच पालक लागेल. हे समितीला कळणार कसं? शिक्षकाच्या नोंदींवरून. आपल्याकडे एफएसीपीच्या, म्हणजे विद्यार्थ्याला रोजच्या जगण्यातलं काय काय जमतं ते पातळीनुसार नोंदवण्याच्या तपासणी-सूच्या असतातच. त्यातल्या पूर्वव्यावसायिक पातळीच्या नोंदी वर्षाअखेरी कपाटात जातात. त्या काढा आणि त्यावरून एक पानाचं पत्र लिहा: पैसे ओळखतो का, किती रकमेपर्यंत हिशेब जमतो, एकटा प्रवास करतो का, औषधं स्वतः घेतो का, 'नको' म्हणता येतं का. "विद्यार्थी शांत व आज्ञाधारक आहे" असलं पत्र कुणाच्याच कामाचं नाही. आणि मुलाला विचारा. बोलता येत नसेल तर चित्रं ठेवून, बोट दाखवून विचारा, पण बैठकीआधी विचारा.

मंजुरी मिळाली की फॉर्म बी येतो, म्हणजे पालकत्वाचं प्रमाणपत्र. बँकांनी ते ग्राह्य धरावं असं रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच कळवलं आहे. काउंटरवर कुणी कोर्टाचा आदेश मागितला तर शांतपणे हे सांगायचं. याच न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची. ती या चार अक्षमतांसाठीच आहे आणि तिला अठरा पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नाही.

प्रमाणपत्र हाती आलं की कुटुंबं फाइल बांधून ठेवतात, पण पालकाचं काम तिथून सुरू होतं. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची आणि देण्याघेण्याची यादी समितीला द्यायची. पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा, म्हणजे ३० जूनपर्यंत. पालक हेळसांड करत असेल किंवा पैसे खात असेल तर आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला काढण्यासाठी समितीकडे अर्ज करू शकतात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर माजी विद्यार्थ्यांच्या घरी एक फोन करून हिशेब गेला का, एवढं विचारा. दोन मिनिटं लागतात.