आधी टायर, मग बॅटरी

निनाद आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. गेल्या दिवाळीत त्याने दोन लाखांच्या पुढची ई-बाईक घेतली. मोटर पेडलच्या मधोमध, ६२५ वॅट-तासांची बॅटरी, पुढे सस्पेन्शन आणि डोंगरात चालतात तसे जाडजूड बटनाचे, म्हणजे वर रबराचे उंचवटे असलेले, टायर. रोज शिवाजी पार्कहून वरळी, हाजी अली, पेडर रोड, चौपाटी करत नरिमन पॉइंटला ऑफिस. एका रविवारी तो वर आला आणि म्हणाला, "काका, आता अपग्रेड करायचंय. मोठी बॅटरी घेऊ, की मोटरला डोंगल लावू?" डोंगल म्हणजे ताशी २५ ला साथ सोडणाऱ्या मोटरला फसवून पुढेही ढकलायला लावणारी छोटी डबी.

"आधी टायर बदल," मी म्हटलं.

त्याचा चेहरा पडला. टायर ही काही मित्रांना दाखवायची वस्तू नव्हे. म्हणून वही काढली आणि त्याच्या सायकलचे वॅट नेमके जातात कुठे, ते दोघांनी मांडून पाहिलं.

निनाद, सायकल आणि लॅपटॉपची बॅग मिळून १०० किलो धरा. सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरने जाताना दोन गोष्टी त्याला मागे ओढतात, हवा आणि टायर. ताठ बसून चालवणाऱ्या माणसाला या वेगाला हवा कापायला साधारण १२० वॅट लागतात. टायरचा विरोध हा वजनाचा एक छोटा हिस्सा असतो. चांगल्या शहरी टायरला तो अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या घरात, बटनाच्या टायरला एक-सव्वा टक्क्यापर्यंत. १०० किलोंवर हा फरक सहा न्यूटन आणि बारा न्यूटन असा पडतो, म्हणजे ४० वॅट आणि ८० वॅट. मोटरच २५० वॅटची, त्यातले ४० वॅट फक्त डांबरावर बटनं चिरडण्यात जात होते.

हे असं का होतं ते रबराच्या स्वभावात आहे. रबरी चेंडू हातातून सोडला तर तो टप्पा घेऊन कधीच हाताएवढ्या उंचीवर परत येत नाही. दाबताना रबरात जेवढी ऊर्जा घातली, तेवढी सुटताना मिळत नाही. उरलेली उष्णता होऊन जाते. चाक फिरताना टायरचा प्रत्येक भाग रस्त्याला टेकताना दबतो आणि सुटतो. बटनाच्या टायरमध्ये वर एकेक बटन वेगळं वाकतं आणि सरळ होतं. मातीत, खडीत ही बटनं रुतून पकड देतात, तिथे त्यांचा खर्च वसूल होतो. वरळी सी-फेसवर रुतायला काहीच नाही.

आम्ही ५० मिलिमीटर रुंदीचे जवळजवळ गुळगुळीत टायर निवडले. रुंदी मुद्दाम ठेवली. रुंद टायरमध्ये हवा कमी दाबाची चालते आणि मग खड्ड्याची कड, पेव्हर ब्लॉकची उंचसखल जोडणी टायरच गिळतो. अशा रस्त्यावर दगडासारखा कडक फुगवलेला टायर उलट जास्त ऊर्जा खातो, कारण तो स्वतः दबत नाही आणि प्रत्येक धक्क्याला माणसासकट सगळी सायकल वर उचलतो.

वहिनींची, म्हणजे निनादच्या आईची, शंका रास्त होती: पावसात गुळगुळीत टायर घसरणार नाहीत का? गाडीचं चाक पाण्यावर तरंगू लागतं, तसं सायकलचं होईल, ही भीती बऱ्याच जणांना असते. नासाच्या लँगले संशोधन केंद्रात १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर हा अभ्यास झाला. त्यातून निघालेलं सूत्र सांगतं की चाक कोणत्या वेगाला पाण्यावर तरंगेल, हे मुख्यतः टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतं. ४० पीएसआयला तो वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो. सायकलवर तिथवर कोणी पोचत नाही. मुंबईच्या पावसात घसरायला होतं ते शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर, झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर आणि खोदकामावर टाकलेल्या लोखंडी पत्र्यांवर. तिथे बटनंही वाचवत नाहीत. तिथे हँडल सरळ ठेवायचं आणि ब्रेकला हात लावायचा नाही.

टायर बदलले आणि लगेच एक गंमत दिसली. मोटरच्या स्क्रीनवरचा वेग आणि मोबाईलवरचा वेग जुळेना. मोटर वेग मोजते तो चाकावरच्या एका चुंबकाने. चुंबक सेन्सरसमोरून गेला की एक फेरी मोजली जाते आणि फेऱ्यांना चाकाच्या परिघाने गुणलं की वेग मिळतो. नव्या टायरचा परीघ थोडा कमी होता. सेटिंगमध्ये नवा आकडा भरल्यावर हिशेब जुळला.

डोंगलचं मर्म इथेच आहे. सेन्सर आणि मोटर यांच्या मध्ये बसून ते खोटा हिशेब देतं. चाक दोनदा फिरलं तर मोटरला एकदाच सांगतं. मोटरला वाटतं आपण अजून २५ च्या आतच आहोत, आणि ती ढकलत राहते. पण हवा फसत नाही. वेग २५ वरून ३५ वर नेला तर हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे पावणेतीन पट होते. १२० चे ३३० वॅट. बॅटरी कितीतरी लवकर दम तोडणार, आणि मोटर जिथे थांबून थंड व्हायची तिथे आता सतत तापणार. कोणी मोटरला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरमध्ये करंटची मर्यादाच वाढवतात. १५ अँपिअरचे २० केले तर जोर एक तृतीयांशाने वाढतो, पण तांब्याच्या तारांतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे पावणेदोन पटीहून थोडी जास्तच. आत नायलॉनचं गिअर असेल तर त्याचं आयुष्य किती, याचा अंदाज बांधता येतो.

शिवाय कायदा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पॅडल मारल्यावरच साथ देणारी, २५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ ला साथ सोडणारी ई-सायकल मोटार वाहनात धरली जात नाही. डोंगल लावलं की ही सवलत गेली. मग नोंदणी, विमा, लायसन्स सगळं आलं, आणि अपघात झाला तर सगळी जबाबदारी चालवणाऱ्याच्या अंगावर. मी निनादला स्पष्ट सांगितलं, हे मी तुला लावू देणार नाही. तो ऐकणारा मुलगा आहे.

ब्रेकवरच्या खर्चाला मात्र मी हात सैल सोडायला सांगितला. पेडर रोड चढून केम्प्स कॉर्नरकडून खाली उतरताना १०० किलोंचं वजन खाली येत असतं. समजा दहा मजली इमारतीएवढं, ३० मीटर उतरलो. सोडलेली ऊर्जा २९ हजार ज्यूल. एवढ्यात शंभर मिलिलिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला येतं. एका कटिंगपुरतं पाणी! थोडा भाग हवा खाते, बाकीचं सगळं त्या शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या ब्रेकच्या स्टीलच्या चकतीत आणि तिला दाबणाऱ्या पॅडमध्ये उतरतं. त्याच्या सायकलला १६० मिलिमीटरच्या चकत्या होत्या. पुढची १८० ची केली. ब्रेकचा जोर मध्यापासूनच्या अंतरावर ठरत असल्याने हाताला तेवढाच दाब देऊन बारा टक्क्यांच्या आसपास जास्त जोर मिळतो, आणि उष्णता पसरायला धातूही जास्त. पुढचं चाक धरणारा फोर्क किती मोठी चकती पेलतो ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ते पाहिल्याशिवाय २०३ ची घेऊ नये. पॅड पावसाळ्यासाठी सिंटर्ड, म्हणजे धातूची पूड तापवून दाबलेले घेतले. साधे रेझिनचे पॅड ओल्या वाळूत फार लवकर झिजतात.

ब्रेकच्या नळीतलं तेल बदलायचं काम आम्ही गॅलरीतच केलं. या ब्रेकला मिनरल ऑईल लागतं. डॉट म्हणून जे दुसऱ्या जातीचं तेल मिळतं, ते चुकूनही यात घालू नये. त्याने आतली रबरी सीलं फुगतात आणि ब्रेक जातो. खालून कॅलिपरला, म्हणजे चकतीवर पॅड दाबणाऱ्या भागाला, सिरिंज, वर लिव्हरला छोटं नरसाळं. निनादने सिरिंज दाबली तशी नरसाळ्यात आधी काळपट तेल आलं, मग मोहरीएवढे बुडबुडे, एकेक, सावकाश. नळीवर पान्याच्या दांड्याने टिचक्या मारल्या की अडकलेला एखादा सुटून वर यायचा. तेल दबत नाही, हवा दबते. नळीत मोहरीएवढी हवा असली तरी बोटाचा जोर आधी ती दाबण्यात जातो आणि लिव्हर स्पंजासारखा लागतो. शेवटचा बुडबुडा गेला आणि लिव्हर अर्ध्यावरच टणक थांबला. निनादने तो दहा वेळा तरी दाबून पाहिला.

आता मुंबईच्या हवेबद्दल. समुद्राजवळ राहणाऱ्या सायकलचा खरा शत्रू मीठ आहे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं, की छोटासा विद्युत घट तयार होतो आणि त्यात दुबळा धातू विरघळत जातो. सायकलमध्ये दुबळा बहुतेक वेळा अॅल्युमिनियम. महागड्या सायकलींना लोक हौसेने कार्बनची सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, घालतात. कार्बन फायबर वीज वाहून नेतं आणि या भांडणात अॅल्युमिनियमच्या फ्रेमलाच खातं. माझ्या जुन्या सायकलची सीटपोस्ट मी दोन पावसाळे हलवली नव्हती. काढायला गेलो तेव्हा ती फ्रेमशी एकजीव झाली होती. पांढरी पूड, आणि सीट तसूभर हलेना. शेवटी कापून काढावी लागली. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी सीटपोस्ट बाहेर काढायची, पुसायची, धातूची असेल तर ग्रीस आणि कार्बनची असेल तर तिची वेगळी पेस्ट लावून परत घालायची, हा नेम आहे.

बोल्टही बदलावेसे वाटतात. नागदेवी स्ट्रीटवर ३१६ दर्जाचे स्टेनलेस बोल्ट मिळतात. त्यात मॉलिब्डेनम असतं, म्हणून खाऱ्या हवेत ते साध्या ३०४ पेक्षा टिकतात. बाटलीचा स्टँड, मडगार्ड, कॅरिअर यांना बेलाशक लावा, पण आट्यांना ग्रीस लावून. हँडलला धरून ठेवणाऱ्या स्टेमला आणि ब्रेकच्या कॅलिपरला मात्र नको. तिथले काळे बोल्ट गंजतात खरे, पण ते जास्त ताण सोसणाऱ्या पोलादाचे असतात. साधा स्टेनलेस बोल्ट तेवढा ताण घेत नाही.

बॅटरीचा प्रश्न टायरने जवळजवळ सोडवलाच होता. त्याचा रोजचा प्रवास जाऊन-येऊन २६-२७ किलोमीटर. किलोमीटरला दहा वॅट-तास धरले तरी अर्धीअधिक बॅटरी शिल्लक राहते. मोठी घेतली असती तर दोन-तीन किलो वजन रोज पेडर रोड चढवत बसला असता. लॅमिंग्टन रोडवर सुटे सेल मिळतात, त्यातून पॅक बांधून घ्यायचा विचारही त्याच्या डोक्यात होता. पण अशा बऱ्याच सायकलींत मोटर आणि बॅटरी आधी एकमेकींची ओळख पटवतात, नाही पटली तर मोटर चालूच होत नाही. आणि सेलवर नजर ठेवणारं सर्किट नीट नसेल तर एक सेल तापून शेजारच्याला पेटवतो. घरात माणसं राहतात. हा धोका घ्यायचा नाही.

आहे ती बॅटरी टिकवणं जास्त हातात आहे. लिथियम सेलमध्ये ऋण ध्रुवावर एक पातळ थर असतो. उष्णता आणि पूर्ण चार्ज या दोहोंनी तो जाड होतो आणि त्यात लिथियम कायमचं अडकतं. म्हणून रोज ८० टक्क्यांवर थांबायचं, मे महिन्यात उन्हात उभी ठेवायची नाही, घरी आल्यावर थंड झाल्यावरच चार्जर लावायचा. तोही जागेपणी, आणि जिन्याखाली, जिथून सगळा मजला बाहेर पडतो तिथे, कधीच नाही.

राहिली चेन. मोटर मध्यभागी असली की माणसाचा आणि मोटरचा मिळून सगळा जोर चेनवरून जातो. मोटरचे ८५ आणि पायाचे ५० न्यूटन-मीटर धरले, तर ३८ दातांच्या चक्रावर चेनमधला ताण १८० किलोंच्या आसपास भरतो. चढाला लागल्यावर घाईघाईने गिअर टाकला तर तो कडकडाट ऐकू येतो, तो याचाच. चढ दिसला की आधीच हलका गिअर टाकायचा, पायाचा जोर क्षणभर सोडायचा. याला पैसे लागत नाहीत.

झीज मोजायला स्टीलची फूटपट्टी पुरते. चेनच्या एका पिनचा मध्य शून्यावर धरायचा. नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचावर दुसऱ्या पिनचा मध्य येतो. तो दीड मिलिमीटरने पुढे सरकला असेल तर चेन बदलायची, नाहीतर ती मागची महागडी दातेरी चक्रं खाऊन टाकते. गणपती झाल्यावर निनाद सायकल घेऊन वर आला. जिन्यातल्या दिव्याखाली दोघं वाकून बसलो. पिन १२ च्या रेघेपुढे जेमतेम एक मिलिमीटर होती.

"अजून महिनाभर जाईल," मी म्हटलं.

त्याने फूटपट्टी पुसली, चेनवर एकेका कडीला थेंब थेंब तेल सोडलं आणि जास्तीचं फडक्याने टिपून घेतलं.