समकालीन कलेतला हॉरर आणि जागा

समकालीन कलेत हॉरर म्हटलं की भुतं, रक्त, किंकाळ्या यांच्यापेक्षा जागेवरच जास्त काम केलेलं दिसतं, म्हणजे खोली, जिना, तळघर, जिथे कधीतरी काहीतरी घडून गेलंय असा रस्ता, आणि तीही बहुतेक वेळा रिकामीच. इन्स्टॉलेशन म्हणजे मांडणशिल्पाचा प्रकार रुळला आणि प्रेक्षक चित्रासमोर उभं राहायच्या ऐवजी थेट कलाकृतीच्या आत शिरायला लागला, त्यानंतर हे खूप वाढलं. सिनेमात घाबरलात तर डोळे मिटता येतात, इथे पुढचं दार तुम्हालाच उघडायचं असतं.

पण एक अडचण असते. भीती त्या जागेची, आणि जागा काही उचलून गॅलरीत नेता येत नाही. त्यावर कोण काय तोड काढतो हे बघण्यातच खरी मजा आहे.

जर्मनीच्या ग्रेगोर श्नायडरने सरळ जागाच उचलून नेली. म्योन्शनग्लाडबाखमधल्या राइट भागातल्या एका साध्या घरात त्याने 1985 पासून, म्हणजे शाळकरी वयातच, भिंतीपुढे भिंत, छताखाली छत, खिडकीमागे खिडकी असं बांधायला घेतलं, एक खोली तर मोटरवर इतकी हळू फिरते की आत बसलेल्याला कळतच नाही. 2001 मध्ये त्यातल्या खोल्या काढून व्हेनिस बिएनालेच्या, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनाच्या, जर्मन दालनात परत उभ्या केल्या आणि गोल्डन लायन हा तिथला मोठा पुरस्कार मिळवला. पण माझ्या मते त्याचं सगळ्यात अंगावर येणारं काम 2004 चं, लंडनच्या व्हाइटचॅपलमधलं. शेजारशेजारची दोन घरं, आतून हुबेहूब सारखी, आत माणसंही जुळी. दोन प्रेक्षकांना किल्ल्या द्यायच्या, प्रत्येकाने एकट्याने एका घरात जायचं, मग अदलाबदल. स्वयंपाकघरात बाई भांडी घासतेय आणि तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही. दुसऱ्या घरात तेच, तशीच बाई, तशीच भांडी. काहीच घडत नाही, आणि तेच सहन होत नाही.

लंडनमध्येच रेचल व्हाइटरीडने 1993 मध्ये एका जुन्या घराच्या आतल्या पोकळीचा काँक्रीटमध्ये ठसा घेतला, बाहेरच्या भिंती पाडल्या आणि उरली ती काँक्रीटची झालेली पोकळी. जानेवारी 1994 मध्ये तीही पाडली गेली.

मेक्सिकोच्या तेरेसा मार्गोयेसचा रस्ता वेगळा. शवागारात मृतदेह धुतलेल्या पाण्याचं धुकं करून तिने ते गॅलरीत सोडलंय, 2009 च्या व्हेनिस बिएनालेत तर एका जुन्या महालाची फरशी खुनाच्या ठिकाणांवरून आणलेलं रक्त मिसळलेल्या पाण्याने पुसून घेतली. दिसायला काय, तर ओली फरशी. कशाने पुसलीय हे कळलं की पाय उचलून कुठे ठेवायचा तेच सुचत नाही.

अमेरिकन फोटोग्राफर जोएल स्टर्नफेल्डला यातलं काहीच लागत नाही, नुसता फोटो आणि शेजारी चार ओळी. 1990 च्या दशकात तो खून, हिंसाचार झालेल्या ठिकाणी नंतर जाऊन फोटो काढत राहिला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधलं एक झाड, छान दिसणारं, आणि बाजूची ओळ सांगते की इथे एका तरुण मुलीचा मृतदेह सापडला होता. परत फोटो बघितला तर झाड तेच असतं पण आता ते नुसतं झाड राहत नाही.

थायलंडचा सिनेदिग्दर्शक अपिचातपोंग वीरसेतकुनने 2009 मध्ये ईशान्येकडच्या नाबुआ गावात काम केलं. तिथे 1965 मध्ये सैन्य आणि कम्युनिस्ट शेतकरी यांच्यात चकमक झाली, पुढे वर्षानुवर्षं गावावर सैन्याची दहशत होती, आणि त्या भागात पुरुषांना पळवून नेणाऱ्या विधवा भुताची दंतकथाही आहे. त्याने गावातल्या आजच्या पोरांनाच घेऊन शूटिंग केलं, त्यामुळे भूत कुठलं आणि सरकार कुठलं हे मुद्दामच वेगळं होत नाही.

दुसऱ्याच्या दुःखाचं प्रदर्शन मांडलं असा आरोप या प्रकारच्या कामांवर नेहमी होतो, आणि कधीकधी तो रास्तही असतो, विशेषतः कलाकार बाहेरून येऊन फोटो काढून निघून जातो तेव्हा. त्या मानाने जपानमध्ये अणुभट्टीचा अपघात झालेल्या फुकुशिमातलं एक प्रदर्शन फार प्रामाणिक वाटतं: 11 मार्च 2015 ला किरणोत्सर्गामुळे बंद केलेल्या भागातच ते सुरू केलं, कलाकृती आत ठेवल्या, आणि तिथल्या रहिवाशांनाच जिथे परत जाता येत नव्हतं तिथे प्रेक्षकांनाही प्रवेश नव्हता.